घाण्यामागे पळीभर तेल

आमच्या चाळीसगावच्या माणसाला घरचा पत्ता विचारा; तो एका दमात सांगेल. पण ‘तुम्ही नेमके कुठल्या भागातले?’ असे विचारलेत, की तो घुटमळतो. त्याचा भूगोल कच्चा असतो असे नव्हे. जिल्हा जळगाव, हे ठीक. पण महसुलाचे काम वर गेले, तर आयुक्त नाशिकला. कज्जा उच्च न्यायालयात गेला, तर खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे परवापरवापर्यंतच्या औरंगाबादला. मुलगी बी. एस्सी. झाली, तर पदवी जळगावच्या विद्यापीठाची. डॉक्टर झाली, तर नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची. शेतात कीड पडली, तर शास्त्र राहुरीचे. रेल्वेचे साहेब भुसावळला. आणि १९९४ साली वैधानिक विकास मंडळे झाली, तेव्हा आमची गणना ना विदर्भात झाली, ना मराठवाड्यात. आम्ही ‘उर्वरित महाराष्ट्र’! पंगत उठल्यावर पातेल्याच्या तळाशी जे राहते त्याला उर्वरित म्हणावे, अशी आमच्या घरातली भाषा. सरकारी कोशात त्याचा अर्थ काही निराळा असावा.

परंतु हे गाऱ्हाणे मांडण्यासाठी मी हा लेख लिहावयास घेतलेला नाही. हल्ली कोणत्याही पदवीदान समारंभाला जा. ‘विद्यापीठ आणि उद्योग यांची सांगड घातली पाहिजे’ हे वाक्य कानावर आल्यावाचून राहत नाही. टाळ्याही पडतात. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने तर नवे शोध आणि उद्योजकता यांसाठी विद्यापीठात स्वतंत्र मंडळच नेमावयास सांगितले आहे. विचार उत्तम आहे. पण सोयरीक जुळवणाऱ्याने आधी दोन्ही घरे कोणत्या गावी आहेत हे पाहावयाचे असते. आमच्याकडे घडते ते असे, की कारखाना एका हद्दीत, त्याचा कच्चा माल दुसऱ्या हद्दीत, आणि त्या मालाचे शास्त्र तिसऱ्याच गावी. मग सांगड घालावी कोणी आणि कोणाशी?

याचे एक जुने उत्तर आमच्याच तालुक्यात दगडावर कोरलेले सापडले आहे. ते आधी सांगतो.

चाळीसगावच्या नैर्ऋत्येला, डोंगराच्या अगदी पायथ्याशी, पाटण म्हणून ठिकाण आहे. आम्ही त्याला पाटणादेवी म्हणतो. श्रावणात तिथला धबधबा वाहू लागला, की शाळांच्या सहली निघतात, घरोघरी पुऱ्यांचे डबे भरले जातात. मीही लहानपणी त्या डब्यांसाठीच जात असे. आता तो सगळा परिसर गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात मोडतो. या पाटणचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली विद्वानांच्या नजरेस आणला. शके ११२८ चा, म्हणजे इसवी सन १२०७ च्या सुमाराचा तो लेख. थोर गणिती भास्कराचार्य, त्यांचा मुलगा लक्ष्मीधर, त्याचा मुलगा चांगदेव, अशी वंशावळ त्यात आहे. भास्कराचार्यांचे गाव हेच की आणखी कुठले, याबद्दल विद्वानांत वाद आहे. तो वाद त्यांनी सुखेनैव चालू ठेवावा. आपल्याला काम आहे ते चांगदेवाशी. हा चांगदेव देवगिरीच्या सिंघण यादवाचा राजज्योतिषी. आपल्या आजोबांचे ‘सिद्धान्तशिरोमणी’ आणि घराण्यातले इतर ग्रंथ यांचा अभ्यास चालावा, म्हणून त्याने पाटणला एक मठ काढला. मठ म्हणजे गोसाव्यांचा अखाडा नव्हे. गणिताची आणि ज्योतिषाची पाठशाळाच ती. त्या भागावर यादवांचे मांडलिक निकुंभ घराणे राज्य करीत होते. त्यांतल्या सोइदेवाने ग्रहणाच्या पर्वकाळी या मठाला दान दिले.

इथवरची हकिगत संस्कृत श्लोकांत आहे, आणि इतिहासाची पुस्तके बहुधा इथेच थांबतात. खरी मौज पुढे आहे. लेखाच्या शेवटी संस्कृत सुटते आणि जुनी मराठी सुरू होते. कारण आता पैशाची गोष्ट आलेली असते! पाटणच्या बाजारात जो माल उघडेल, त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा वाटा मठाला दिला. विकणाऱ्याकडून ब्राह्मणांना मिळणारा हक्क ब्राह्मणांनी दिला. गिऱ्हाइकाकडून दामाचा विसावा हिस्सा नगराने दिला. जेवढे तेलाचे घाणे चालतील, तेवढ्यांनी घाण्यामागे एकेक पळी तेल द्यावे. आणि बाजारात जे मापावयाचे ते मठाच्या मापाने मापावे. मापणावळीतला अर्धा भाग मठाचा, अर्धा मापाऱ्याचा.

वाचकहो, ही यादी पुन्हा एकदा सावकाश वाचा. राजाने आपले तेवढे दिले. नगराचे नगराने दिले. नगर म्हणजे गावातल्या व्यापाऱ्यांची, पेठेची सभा; आजच्या भाषेत नगरपालिका आणि बाजार समिती एकत्र. म्हणजे त्या पाठशाळेचा खर्च एकाच्या मर्जीवर टांगलेला नव्हता. राजा रुसला तरी तेली होता; एखादा तेली बुडाला तरी दुसरे घाणे फिरत होते. आणि ते माप! मठ गावाबाहेर झाडाखाली बसून ग्रहणे मोजत नव्हता. त्याचे माप भर पेठेत, धान्याच्या राशीवर होते. कोणी म्हणेल, तेल्यातांबोळ्याला गणिताशी काय करावयाचे? ‘लीलावती’ची सुरुवातच नाणी, वजने आणि मापे यांच्या कोष्टकांनी होते. पुढे त्रैराशिक आहे, व्याज आहे, निरनिराळ्या कसाचे सोने एकत्र केले तर कस किती उतरेल, हा हिशेबही आहे. पेठेला ज्याची रोज गरज पडते तेच हे शास्त्र.

आणखी एक गोष्ट. चांगदेवाची नोकरी घाटावर, देवगिरीला. मठ घाटाखाली, पाटणला. मधे डोंगर उभा होता, पण सरहद्द नव्हती. घाट म्हणजे वाट होती. तिचे कुंपण पुढे झाले.

पुढे म्हणजे फार पुढे. पाटणची पेठ ओस पडली, रेल्वे आली आणि बाजार चाळीसगावच्या स्टेशनाभोवती गोळा झाला. १९०० साली धुळ्याचा फाटा निघाला आणि चाळीसगाव जंक्शन झाले. १९०६ साली खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले गेले. आम्ही पूर्वेला पडलो. घाट चढून कन्नडला गेले, की निजामाचे राज्य. मधे करोडगिरीचा नाका. ज्या वाटेने चांगदेव ये-जा करीत असेल, त्या वाटेवर आता बैलगाड्या थांबवून गाठोडी सोडली जाऊ लागली.

गाड्यांत माल असे तो कापूस. खानदेशची काळी माती आणि कापूस यांचे नाते सांगावयास नको. पण विसाव्या शतकाच्या आरंभी इथे एक पेच पडला होता. सरकी काढल्यावर रुई जास्त निघेल असा कापूस शेतकऱ्याला आणि जिनवाल्याला हवा होता, आणि तसले वाण सरकारी शेतीखात्यानेही पसरवले होते. पण त्याचा धागा आखूड. गिरणीवाला नाक मुरडी. त्यातच लबाडी अशी, की चांगल्या भागाच्या नावावर दुसऱ्या भागातला हलका कापूस मिसळून खपवला जाई. सरहद्दीवरच्या जंक्शनात अशा कारभाराला किती वाव असेल याची कल्पना वाचकांनीच करावी!

यातून वाट काढण्यासाठी १९२१ साली मध्यवर्ती कापूस समिती स्थापन झाली. तीत कापूस पिकवणारे होते, जिनवाले होते, दलाल होते, गिरणीमालक होते आणि शेतीखात्याचे अधिकारीही होते. १९२३ च्या कायद्याने गिरणीत वापरल्या जाणाऱ्या किंवा परदेशी जाणाऱ्या दर गाठीवर उपकर बसला: पहिली तीन वर्षे चार आणे, नंतर दोन आणे. त्या आण्यांतून १९२४ साली मुंबईत माटुंग्याला प्रयोगशाळा उभी राहिली. नवे वाण निघाले की तिथे त्याचे सूत कातून पाहावयाचे. त्या आण्यांतूनच प्रांतोप्रांतीच्या वाणांच्या कामाला मदत मिळू लागली. त्याच १९२३ साली दुसरा एक कायदा झाला. त्याने एका भागातला कापूस परवान्याशिवाय दुसऱ्या राखीव भागात नेण्यावर बंदी घालता येऊ लागली. म्हणजे सरहद्द होती, पण ती आता शास्त्राच्या कामी जुंपली. आमच्या जळगावच्या शेतावर निवडीने तयार झालेला ‘जरीला’ कापूस १९३० नंतरच्या वर्षांत खानदेशात पसरला आणि हद्द ओलांडून वऱ्हाडातही गेला. पुढे तर मुंबईच्या वायदेबाजारात भावाचा पाया म्हणून जरीलाच धरला जाई. जळगावच्या मातीतली निवड, माटुंग्याचे चाते आणि शिवडीचा बाजार असे तिघे एका दोरीने बांधले गेले होते. दोरी होती दोन आण्यांची.

माझ्या आजोबांच्या बोलण्यात ‘जरीला’ हा शब्द एखाद्या गुणी नातेवाइकाचे नाव घ्यावे तसा येई.

१९६६ साली ती समिती मोडली आणि तिचे काम केंद्राच्या कृषी संशोधन परिषदेकडे गेले. व्यवस्था नीटनेटकी झाली, यात शंका नाही. माटुंग्याची प्रयोगशाळाही चालूच आहे. पण गाठीमागे आपण काही देतो आणि त्याबद्दल आपल्याला विचारण्याचा अधिकार आहे, ही जिनवाल्याची आणि गिरणीवाल्याची जाणीव मात्र गेली. माझ्या मते ते नुकसान पैशापेक्षा मोठे होते. चाळीसगावची श्री लक्ष्मीनारायण गिरणी १९७४ साली इतर आजारी गिरण्यांबरोबर सरकारजमा झाली. तिच्या भोंग्यावर आमच्या आळीतली घड्याळे लागत. आता भोंगा नाही आणि आळीत वेळेवर कोणी उठतही नाही.

खानदेशच्या गिरणीमालकांना विद्येचे वावडे होते, असे मात्र कोणी समजू नये. अमळनेरच्या प्रताप शेटजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर काढले, आणि गिरणीच्या गावात देशभरचे पंडित वेदान्ताचा काथ्याकूट करीत बसले! साने गुरुजी तिथेच काही काळ अभ्यासाला होते. त्याच अमळनेरला १९४५ साली वनस्पती तुपाचा कारखाना निघाला. विप्रो कंपनीचे मूळ ते. पैसा होता, दानतही होती. शेटजींना ब्रह्माची जिज्ञासा होती, कापसाची नव्हती, इतकेच. ज्याच्या खिशातून पैसा येतो त्याचा प्रश्न शास्त्रज्ञाच्या टेबलावर येतो, ही गोष्ट मला तिथे प्रथम नीट समजली.

आता विद्यापीठांकडे वळतो. १९४८ च्या कायद्याने पुणे विद्यापीठ झाले आणि आमचा खानदेश मुंबईकडून पुण्याकडे गेला. मी कॉलेजात होतो तेव्हा आमच्या प्रश्नपत्रिका पुण्याहून येत. आमचे रसायनाचे सर सरकीच्या तेलाचा गडद रंग कमी खर्चात कसा उतरवावा, यावर काही करून पाहत होते. त्यांचे मार्गदर्शक पुण्याला. सर सुट्टीत बाटल्या पिशवीत घालून रात्रीच्या गाडीने निघत. एका खेपेला दौंडला गाडी बदलताना बाटली फुटली आणि एका सहप्रवाशाचे धोतर तेलाने भिजले, हे ते रंगवून सांगत. यात पुण्याचा दोष काहीच नव्हता. पण सरांच्या प्रयोगशाळेपासून हाकेच्या अंतरावर तेलाची गिरणी होती, आणि तिच्या मालकाला सर काय करतात याचा गंध नव्हता. सरांची पदवी पुण्याच्या शिक्क्यावर अवलंबून होती. गिरणीवाल्याच्या गरजेशी तिचा संबंध नव्हता. पुढे १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ निघाले. २०१८ पासून त्याला बहिणाबाई चौधरी यांचे नाव आहे. तिथे रसायन-तंत्रज्ञानाची संस्थाही उभी राहिली. तेल, डाळ, केळी यांच्या जिल्ह्यात ती असावी, हे योग्यच झाले. अंतर तुटले. आमचे सर मात्र तोवर निवृत्त झाले होते.

शेतीच्या विद्यापीठांची कथा वेगळी, आणि आमच्या घाटाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची. १९६८ साली राहुरीला कृषी विद्यापीठ झाले. ते अकोल्याला व्हावे म्हणून विदर्भात आधीच मोठे आंदोलन पेटले होते आणि त्यात तरुणांचे बळीही गेले होते. १९६९ साली अकोल्याला दुसरे झाले. १९७२ साली परभणीला आणि दापोलीला. चार प्रदेश, चार विद्यापीठे. लोकांच्या भावनांचा तो प्रश्न होता आणि तो तसाच सुटणे भाग होते. पण नकाशावर रेघ कुठून गेली पाहा: खानदेश राहुरीकडे, मराठवाडा परभणीकडे. म्हणजे निजामाचा नाका उठला, संयुक्त महाराष्ट्र झाला, घाटातून आता राष्ट्रीय महामार्ग जातो; आणि संशोधनाची हद्द मात्र नाक्याच्याच जागी पुन्हा उभी राहिली! चारही विद्यापीठे वर्षातून एकदा एकत्र बसून नवी वाणे आणि शिफारशी संमत करतात, ही चांगली चाल आहे. तरी रोजचा संसार वेगळा तो वेगळाच.

हा नुसता कागदी प्रश्न नव्हे, हे मला माझ्या मामांमुळे कळले. मामांची शेती घाटाच्या पायथ्याशी; त्यांच्या मेहुण्यांची वर, कन्नड तालुक्यात. दोघेही मका लावतात. चाळीसगावला आता मक्यापासून स्टार्च काढणारा मोठा कारखाना आहे, आणि खालचा मका काय, वरचा मका काय, दोन्ही त्याच गावच्या काट्यावर येतात. काटा काही विचारत नाही, की तू राहुरीचा की परभणीचा! २०१८ साली अमेरिकन लष्करी अळी महाराष्ट्रात शिरली; तीही विचारीत बसली नाही. मामांच्या घरी राहुरीची कृषिदर्शनी असते, मेहुण्यांकडे परभणीची दैनंदिनी. दोन्ही पुस्तके चांगली, मेहनतीने केलेली. पण मक्याच्या संशोधनाचे आमच्या बाजूचे मोठे केंद्र कोल्हापूरला. पायथ्याच्या मुरमाड पट्ट्याला परतीच्या पावसाआधी काढणीला येणारा मका कोणता, हा मामांचा प्रश्न. तो कोल्हापूरला पोचेपर्यंत पावसाळा उलटतो.

आणि हा प्रश्न दर दिवाळीला उभा राहतो. मका निघतो तो नेमका या दिवसांत, ओला. सरकारी खरेदीच्या निकषात ओलावा १४ टक्क्यांपर्यंत चालतो. त्यापुढे माल नापसंत. व्यापाऱ्याकडे नेला तर तो यंत्र खुपसतो, आकडा पाहतो आणि भावातून कापतो. यंत्र त्याचे, आकडा त्याचा. गेल्या वर्षी मामांनी एकाच पोत्यातला मका दोन ठिकाणी दाखवला आणि दोन निरनिराळे आकडे घेऊन घरी आले. त्या दिवशी लक्ष्मीपूजनाला मामी म्हणाल्या, “अहो, आज तरी त्या यंत्राचे नाव काढू नका!” त्यावर मामा म्हणाले, “लक्ष्मी त्याच यंत्रातून येते आहे, मग कोणाची पूजा करू?” त्या खेपेला धाकट्या मामेबहिणीची फी उसनवारीने भरावी लागली, कापलेली रक्कम जवळपास तेवढीच होती.

कारखान्याला हवा स्टार्च भरपूर असलेला, कोरडा, बुरशी नसलेला मका. शेतकऱ्याला हवे एकरी पीक. शंभर वर्षांपूर्वी जिनवाला आणि सूत कातणारा यांत जो पेच होता, तोच हा. तेव्हा मधे दोन आणे होते आणि माटुंगा होते. आज मधे कोण आहे?

मोठे उद्योग आपल्यापुरती सोय करून घेतात. जळगावच्या भवरलाल जैन यांनी १९७८ साली केळीच्या भुकटीचा एक बंद कारखाना घेऊन त्यात पपईच्या चिकापासून पेपेन काढले. पुढे ठिबक सिंचन आणले, ऊतिसंवर्धित केळीची रोपे केली, स्वतःची प्रयोगशाळा उभारली. ते कोणत्याही विद्यापीठाच्या हद्दीची वाट पाहत बसले नाहीत. त्यांचे कौतुक आहेच. पण असा माणूस प्रत्येक तालुक्याला मिळत नाही, आणि खाजगी प्रयोगशाळेने मामांचा प्रश्न आधी घ्यावा, असा आग्रह धरता येत नाही.

अमेरिकेचे उदाहरण आपल्याकडे फार दिले जाते. आपली कृषी विद्यापीठे त्यांच्याच धर्तीवर काढलेली. तिथे १८६२ च्या कायद्याने राज्याराज्याला जमिनी देऊन कॉलेजे काढली, १८८७ च्या कायद्याने प्रयोगकेंद्रे जोडली, आणि १९१४ पासून शेतावर जाऊन सांगण्याचे काम सुरू झाले. या शेवटच्या कामाचा खर्च केंद्र, राज्य आणि स्थानिक काउंटी मिळून उचलतात. काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा. काउंटीचे पैसे असल्यामुळे विद्यापीठाचा माणूस तिथे कचेरी थाटून बसतो, आणि शेतकरी त्याला हक्काने जाब विचारतो. आपल्याकडे १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या, त्यांना शेतीखातेही मिळाले. पण संशोधन राहिले विद्यापीठाकडे, आणि विद्यापीठ राज्याकडे. तसे घेतले, पण तो शेवटचा वाटा राहून गेला. नगरपालिकांची जकात होती, तीही १९९९ साली बंद झाली. जकात गेल्याचे दुःख ट्रकवाल्यांना नाही, मलाही नाही. पण ‘नगराने दिला’ असे म्हणावयास नगराच्या हाती काही उरले नाही, हेही खरे.

वाटा देण्याची रीत महाराष्ट्रात अगदीच नाही, असे नव्हे. साखर कारखान्यांनी १९७५ साली मांजरीला संस्था काढली. आज ती वसंतदादा पाटलांच्या नावाने ओळखली जाते. सभासद कारखाने गाळलेल्या उसाच्या टनामागे तिला वर्गणी देतात. हा आमच्या शिळेवरचाच मसुदा: जेवढे घाणे चालतील, तेवढी पळी. त्यात एक उणीव आहे आणि ती आम्ही भोगली आहे. घाणा थांबला, की पळीही थांबते आणि विचारण्याचा अधिकारही. आमच्या तालुक्यातला भोरसचा बेलगंगा कारखाना बरीच वर्षे बंद पडून होता; त्या काळात आमच्या उसासाठी मांजरीत कोणी हट्ट धरावा?

म्हणून माझी एक सूचना आहे, आणि ती मी चारचौघांत बोलूनही दाखवली आहे. बाजार समितीत मालावर ठरलेली फी असतेच. तिच्यातून ओटे, पत्रे, रस्ते, पगार होतात. तिच्यातलाच एक लहानसा वाटा चाळीसगाव आणि कन्नड या दोन्ही बाजार समित्यांनी मिळून बाजूला काढावा. तेवढाच कारखान्याने आणि व्यापाऱ्यांनी घालावा. त्यातून बाजाराच्या आवारात एक छोटी प्रयोगशाळा चालावी: मक्याचा ओलावा, बुरशी आणि स्टार्च तपासणारी. ती राहुरी आणि परभणी यांनी जोडीने चालवावी आणि जळगावच्या विद्यापीठाची रसायनाची मुले तिथे कामाला असावीत. दोन हंगामांत कोणत्या गावचा, कोणत्या वाणाचा मका किती ओला येतो याची वही भरेल, आणि त्या वहीतून पायथ्याच्या पट्ट्याला कोणते वाण योग्य ते आपोआप पुढे येईल. आकडा तिथला मानावयाचा. व्यापाऱ्याचा नाही आणि मामांचाही नाही. मापणावळ अर्धी प्रयोगशाळेची, अर्धी हमालमापाड्यांची.

अडचणी पुष्कळ आहेत, हे मला ठाऊक आहे. दोन समित्या दोन जिल्ह्यांतल्या. दोन महसूल विभागांतल्या. दोन विद्यापीठांच्या हद्दींतल्या. एका जाणत्या गृहस्थांना मी हे सांगितले, तेव्हा त्यांनी बोटे मोजून सात कचेऱ्यांची नावे घेतली, जिथून ना-हरकत आणावी लागेल. मी म्हटले, “सोइदेवाला किती लागल्या असतील?” ते हसले आणि म्हणाले, “त्याच्याकडे कारकून नव्हते.”

पेठेतल्या एका तेलाच्या व्यापाऱ्याला मात्र गोष्ट पटलेली दिसली. शिलालेखातला घाण्याचा मजकूर मी त्यांना वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प होते. मग चष्मा पुसत त्यांनी विचारले, “पळी म्हणजे आपल्या आमटीच्या पळीएवढी, की मोठी?” मी म्हटले, “माप मठाचे होते.” त्यांनी गल्ल्यावरची वही ओढली, पेन्सिल घेतली आणि महिन्याला आपले किती डबे निघतात ते लिहू लागले. मग मान वर करून म्हणाले, “कन्नडवाले किती घालणार, ते आधी विचारून या.”

पाडव्यानंतर मी घाट चढणार आहे.